आवळ झुरक्यासाठी ई-सिगारेटचा टँक कोणता घ्यावा? तयार कॉइल, आरटीए की ड्रिपर?

निळीवाफ

नमस्कार मंडळी. सध्या एका १८६५० सेलवर (सुटी, पुन्हा चार्ज होणारी गोल बॅटरी) चालणारा ८० वॅटचा रेग्युलेटेड मॉड आहे, म्हणजे सर्किटनं ताकद ठरवणारा बॅटरीचा डबा. त्यावर २४ मिमीचा सब-ओहम (एक ओहमपेक्षा कमी रोधाच्या कॉइलचा) टँक आणि आत ०.२ ओहमची मेश कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी जाळीची पट्टी. लिक्विडं दोन वापरतो, दोन्ही व्हीजी (जाड ग्लिसरीन) आणि पीजी (पातळ प्रॉपिलीन ग्लायकॉल) मिसळून बनलेली. एक तंबाखूच्या चवीचं, ५०/५०, मिलीला १२ मिग्रॅ निकोटिनचं. दुसरं गोड फळाचं, ७० व्हीजी ३० पीजी, ३ मिग्रॅचं.

७०/३० या टँकमध्ये नीट चालतं. ५०/५० भरलं की थोड्याच वेळात खालच्या हवेच्या भोकांतून ठिबकायला लागतं, झुरका घेताना गुडगुड आवाज येतो आणि ठसका बसतो. वॅट उतरवले तर ठसका थांबतो, पण वाफ कोमट आणि बेचव होते. गोड लिक्विडनं कॉइल फार लवकर काळी पडते, ती वेगळी डोकेदुखी.

सिगारेट कायमची सोडायची आहे, म्हणून सिगारेटसारखाच आवळ झुरका हवा. प्रश्न असे:

टँकमध्येच दोष आहे का? तयार कॉइलचा दुसरा टँक घ्यावा की थेट आरटीए, म्हणजे तार-कापूस स्वतः बसवायचा टँक? आरटीएची तार-कापसाची जुळवाजुळव किती किचकट असते? आणि ड्रिपर, स्क्वाँकर, आरडीटीए ही मंडळी नेमकी कुणासाठी?

वाफकरी

टँकमध्ये दोष नाही, जोडी चुकली आहे. टँक निवडताना आधी झुरका ठरवायचा, मग लिक्विड, आणि टँक सगळ्यात शेवटी.

झुरक्याचे ढोबळ दोन प्रकार. पहिल्यात वाफ आधी तोंडात घेतात आणि मग छातीत ओढतात. सिगारेट अशीच ओढली जाते, याला एमटीएल म्हणतात. दुसऱ्यात वाफ सरळ छातीत जाते, तो डीएल. एमटीएलला हवेचं भोक साधारण १ ते १.५ मिमीचं लागतं, कॉइल १ ओहमच्या वर आणि ताकद १० ते १५ वॅट. डीएलला हवा मोकळी, कॉइल ०.१५ ते ०.४ ओहम आणि ४० वॅटपासून पुढे. तुमचा टँक पूर्ण डीएलचा आहे. त्याची हवेची रिंग जवळजवळ बंद केली तरी तो एमटीएल होत नाही. आतली चिमणी (कॉइलपासून तोंडाकडे जाणारी वाफेची नळी) रुंदच राहते, वाफ तिथे पसरते आणि चव पातळ लागते.

आता गळतीचं. शुद्ध व्हीजी हे पीजीपेक्षा विसाहून जास्त पट घट्ट असतं. सब-ओहम कॉइलच्या बाजूची लिक्विडची भोकं मोठी असतात, कारण प्रत्येक झुरक्याला बरंच लिक्विड उडतं आणि ७०/३० सारखं जाड लिक्विड तेवढ्या वेगानं आत यायला हवं. त्याच भोकांतून ५०/५० धो धो आत शिरतं. कापूस तुडुंब भरतो, उरलेलं लिक्विड चिमणीच्या तळाशी साचतं (ती गुडगुड) आणि तिथून हवेच्या भोकांतून बाहेर येतं. वॅट कमी केल्यावर तर लिक्विड उडतंही कमी, म्हणून गळती आणखी वाढते.

टँकमध्ये लिक्विड थोपून राहतं ते वर अडकलेल्या हवेच्या किंचित कमी दाबामुळे. लिक्विड खाली गेलं की त्याच्या जागी बुडबुडा वर येतो. कापूस भोकावर नीट बसलेला असेल तर हा बुडबुडा झुरक्यालाच येतो. कापूस कमी असेल किंवा लिक्विड पातळ असेल तर हवा सतत वर शिरते, दाब सुटतो आणि टँक रिकामा होत राहतो. तयार कॉइल असो की आरटीए, गळतीचं मूळ शोधायचं तर इथूनच सुरुवात करावी.

ठसक्याचं कारण निकोटिन. १२ मिग्रॅचं लिक्विड दिवसाला ३ मिली संपलं तर ३६ मिग्रॅ निकोटिन उडालं. ३ मिग्रॅचं १२ मिली संपलं तरी तेवढंच. १२ मिग्रॅ हे कमी वाफेच्या टँकसाठी असतं. ते ६० वॅटवर ओढलं तर घसा धरतो आणि पुढे चक्कर, मळमळ सुरू होते. तशी लक्षणं दिसली की झुरके थांबवून मोकळ्या हवेत बसावं. निकोटिन सॉल्टचं २० मिग्रॅचं लिक्विड तर सब-ओहममध्ये अजिबात घालू नये.

म्हणून माझं मत: ५०/५० साठी वेगळा एमटीएल टँक घ्या आणि सध्याचा ७०/३० साठी ठेवा. सुरुवातीला तयार कॉइलचाच. अस्पायरचा नॉटिलस आणि इनोकिनचा झेनिथ ही या वर्गातली जुनी, पारखलेली नावं आहेत. दोन्हींना १.६ ते १.८ ओहमच्या कॉइल मिळतात आणि त्या १० ते १४ वॅटवर छान चालतात. सिगारेट सुटेपर्यंत तार गुंडाळण्याच्या भानगडीत पडू नका. ऐन तलफेच्या वेळी कापूस चुकीचा बसलेला निघाला तर माणूस पुन्हा पाकिटाकडे वळतो.

सहावेढे

वाफकरींचं निदान बरोबर आहे, पण आरटीएला इतकं लांब ठेवायची गरज नाही. एमटीएल आरटीए हा तार-कापसातला सगळ्यात सोपा प्रकार. एकच कॉइल, साधी गोल तार, कमी वॅट. तयार कॉइल टँक आजपासून वापरा आणि आरटीए फुरसतीत शिका, दोन्ही साधतं. चवीत फरक पडतो, कारण आरटीएचा चेंबर (कॉइलभोवतीची पोकळी) छोटा असतो आणि हवा थेट कॉइलच्या पोटावर लागते. डिजिफ्लेव्हर सायरन, व्हँडी व्हेप बर्सर्कर, डीव्हार ही या प्रकारातली ओळखीची नावं.

किती किचकट, हे विचारलंत म्हणून पूर्ण कृती लिहितो.

आरटीए नवा असेल तर सगळा सुटा करून कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणानं धुवा. आट्यांमध्ये कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं. ते पोटात किंवा छातीत जायला नको, आणि चवही धातूसारखी येते. पूर्ण वाळू द्या.

तार: २८ गेज कँथल ए१, साधारण १२ सेंमीचा तुकडा. अडीच मिमीच्या दांडीवर सहा वेढे, वेढ्यांमध्ये केसाएवढी फट. पाय (तारेची दोन्ही मोकळी टोकं) धरून रोध १.१ ओहमच्या आसपास येतो. त्याच मापात निक्रोम ८० घेतली तर साधारण ०.८५ ओहम येईल आणि ती तापेलही लवकर. मात्र तिच्यात ८० टक्के निकेल असतं. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी कँथलच वापरावी, त्यात निकेल नसतं.

गुंडाळण्याआधी डेककडे (कॉइल बसते तो तळ, त्यावर तार धरणारे खांब) नीट बघा. दोन्ही पाय खांबांच्या कोणत्या बाजूला येतात, त्यावर वेढे कोणत्या दिशेनं घ्यायचे ते ठरतं. दिशा उलटी झाली तर एक पाय कॉइलच्या पोटाखालून ओढून आणावा लागतो आणि कॉइल तिरकी बसते. पाय स्क्रूच्या अशा बाजूला ठेवा की स्क्रू आवळताना तो आत खेचला जाईल. दुसऱ्या बाजूला ठेवला तर आवळताना बाहेर ढकलला जातो. दांडी कॉइलमध्ये असतानाच स्क्रू आवळा, फार जोर लावू नका. २८ गेजची तार जास्त दाबली की तुटते.

उंची: कॉइलचा तळ हवेच्या भोकापासून १ ते दीड मिमी वर. त्याहून खाली असेल तर भोकात लिक्विड टपकतं, वर असेल तर चव मंदावते. पाय खांबाला लागून कापा. मिमीभर टोकही वरच्या टोपीला टेकलं तर शॉर्ट होतो. टोपी एकदा रिकामीच लावून बघा आणि मॉडवर रोध वाचा. टोपीसह आणि टोपीविना आकडा सारखाच यायला हवा.

आता कापसाविना ८-१० वॅटवर बटण अगदी थोडं दाबा-सोडा. कॉइल मधून बाहेरच्या बाजूला एकसारखी लाल व्हायला हवी. एखादाच वेढा आधी पेटला किंवा पायाशी लाली आली तर तिथे ताण आहे. सिरॅमिक टोकाच्या चिमट्यानं वेढे हलके खरवडा, पुन्हा दाबा. धातूचा चिमटा असेल तर मॉड बंद करूनच हात लावा. तापल्यानं तार सैल होते, म्हणून थंड झाल्यावर स्क्रू पुन्हा एकदा आवळा. बरेच लोक हे विसरतात आणि मग रोध १.१ वरून १.४ वर उड्या का मारतो म्हणून विचारत बसतात. टायटॅनियम आणि निकेल २०० तारांना मात्र असं लाल करायचं नसतं. त्या फक्त तापमान-नियंत्रणावर वापरायच्या.

आणि कापूस. सगळी मेख इथे आहे. पट्टी अशी घ्या की कॉइलमधून ओढताना बोटाला किंचित अडकल्यासारखं जाणवेल, पण कॉइल जागची हलणार नाही. सहज सरकली तर कमी आहे. कॉइल वाकली तर जास्त आहे. दोन्ही शेपट्या डेकच्या बाहेरच्या कडेशी तिरक्या कापा. मग सुईनं किंवा चिमट्याच्या टोकानं शेपट्या विंचरून आतला थोडा कापूस काढून टाका. कॉइलच्या आत घट्ट आणि शेपटीत मोकळा, असं प्रमाण हवं. कापूस लिक्विडनं पूर्ण भिजवा आणि शेपट्या लिक्विडच्या खाचांत अशा सोडा की तळाला जेमतेम टेकतील. कोंबायचं नाही. प्रत्येक खाच वरून बघा: कापसाच्या बाजूनं उघडी फट दिसता कामा नये. तिथूनच गळती सुरू होते.

टोपी लावण्याआधी दोन-तीनदा बटण दाबून वाफ नीट उठते का बघा. मग बंद करा, भरा, पाच मिनिटं थांबा आणि १० वॅटपासून सुरुवात करा. १२ ते १४ वॅटवर बहुतेकांना जागा सापडते.

चुकलं तर ओळखायचं असं. सलग तीन-चार झुरक्यांनंतर चव कोरडी होत असेल, तर शेपटी जाड आहे, आणखी विंचरा. भरल्या भरल्या हवेच्या भोकातून लिक्विड येत असेल, तर शेपटी आखूड किंवा पातळ आहे. लिक्विडचे गरम थेंब तोंडात उडत असतील, तर एकतर कॉइलखाली लिक्विड साचलंय किंवा एखादा वेढा जास्त तापतोय. गळतंय म्हणून लोक घाईनं आणखी कापूस कोंबतात, तेवढं करू नका. आधी शेपटीची लांबी बघा.

ओहमओळख

सेलबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

निळीवाफ, तुमचा मॉड ८० वॅटचा आहे असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी एका १८६५० सेलमधून तेवढे वॅट काढणं सुरक्षित नाही. रेग्युलेटेड मॉडमध्ये सेलवरचा करंट कॉइलच्या ओहमवर ठरत नाही, तो वॅटवर ठरतो. हिशेब असा: वॅट भागिले सेलचा शेवटचा व्होल्टेज, भागिले सर्किटची कार्यक्षमता. ८० ÷ ३.२ ÷ ०.९ म्हणजे जवळजवळ २८ अँपिअर. सतत २० अँपिअर झेपणाऱ्या सेलला ते परवडत नाही. उलटा हिशेब केला तर २० अँपिअरच्या सेलवर मर्यादा ५७ वॅटच्या आसपास येते. मी ५०च्या वर जायला सांगणार नाही. ७० वॅटची मेश कॉइल चालवायची असेल तर दोन सेलचा मॉड घ्या.

एमटीएलला हा प्रश्नच उरत नाही. १४ वॅटला सेल संपत आला तरी ५ अँपिअरसुद्धा लागत नाहीत. सेल दिवसभर पुरतो आणि गरमही होत नाही. एका सेलचा मॉड आणि एमटीएल टँक ही जोडी म्हणूनच जमते.

मेकॅनिकल मॉडचा विचार डोक्यात असेल तर तूर्त सोडून द्या. तिथे मध्ये सर्किट नसतं. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, त्यावर ०.१५ ओहमची कॉइल म्हणजे थेट २८ अँपिअर. शिवाय हायब्रिड माथ्याच्या मॉडवर टँकची मधली ५१० पिन (५१० म्हणजे टँक मॉडला जोडणारे ठरीव मापाचे आटे) सेलला थेट टेकते. ती पिन बाहेरच्या आट्यांपेक्षा स्पष्ट पुढे आलेली नसेल, तर सेलचं धन टोक आट्यांना टेकून पूर्ण शॉर्ट होतो. तयार कॉइलच्या बऱ्याच टँकांची पिन जवळजवळ सपाट असते. असे टँक हायब्रिडवर कधीही लावायचे नाहीत.

काही बारीक गोष्टी. सेलचं प्लास्टिकचं वेष्टन किंवा वरची गोल चकती फाटली असेल तर सेल वापरू नका. आधी वेष्टन बदला. सुटे सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर ठेवू नका, डबी घ्या. आणि मॉड अधूनमधून "ॲटमायझर नाही" असं दाखवत असेल तर टँक काढून ५१० ची पिन आणि आटे कोरड्या कापडानं पुसा. दहापैकी नऊ वेळा झिरपलेल्या लिक्विडचा चिकटाच असतो.

निळीवाफ

सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात शिरलं. नॉटिलस किंवा झेनिथ घेतो आणि २८ गेजची तारही आणतो. आता उरलेले प्रश्न: गोड लिक्विडनं कॉइल मरते त्यावर उपाय काय? सध्याच्या टँकची काच फुटली तर प्लास्टिकचा चेंबर बसवला तर चालेल का? आणि ड्रिपरबद्दल कुणी काहीच बोललं नाही.

थेंबथेंब

ड्रिपरचं मी सांगते.

ड्रिपर म्हणजे आरडीए. टँक नाही, फक्त डेक आणि टोपी. टोपी उचलून कापसावर थेंब टाकायचे, पाच-सहा झुरके घ्यायचे, पुन्हा थेंब. चव यात सगळ्यात स्वच्छ, कारण चेंबर अगदी जवळ आणि कापूस छोटा. नवीन लिक्विड चाखायचं असेल, मिश्रण स्वतः तयार करत असाल, तर याहून चांगलं साधन नाही. कापूस बदलायला दोन मिनिटं लागतात आणि मागच्या लिक्विडची चव उरत नाही. पण दिवसभर, चालताना, काम करताना ड्रिपर वापरणं त्रासाचं आहे. थेंब जास्त पडले तर बाजूच्या हवेच्या भोकातून हातावर ओघळतात. कमी पडले तर कापूस करपतो.

तीच अडचण सोडवायला स्क्वाँकर आला. मॉडमध्ये सहा-आठ मिलीची मऊ बाटली असते. ती दाबली की पोकळ ५१० पिनमधून लिक्विड वर डेकवर येतं आणि सोडली की जास्तीचं परत खाली जातं. आरडीएच्या डबीत बहुधा दोन पिना मिळतात, एक भरीव आणि एक पोकळ. स्क्वाँक करायचं असेल तर पोकळ बसवायची. नवीन माणसाची नेहमीची चूक म्हणजे बाटली दोनदा दाबणं. एकदा दाबा, दोन सेकंद थांबा, सोडा, मगच झुरका. शेपट्या डेकच्या तळाला टेकलेल्या असाव्यात, नाहीतर वर आलेलं लिक्विड कापूस न पिताच परत जातं.

आरडीटीए हा मधला प्रकार. डेक वर, टाकी खाली आणि कापसाच्या शेपट्या खाली लिक्विडमध्ये लोंबलेल्या. लिक्विडला वर चढावं लागतं, आणि तेही फक्त कापसाच्या जोरावर. म्हणून टाकी भरलेली असताना उत्तम चालतो. निम्म्याखाली आली की जाड लिक्विड वेळेत पोहोचत नाही, तेव्हा दर दोन-तीन झुरक्यांनी टँक आडवा करून कापूस भिजवावा लागतो. भरताना लिक्विड शेपट्यांच्या भोकांच्या खालीच ठेवायचं. खालून गळत नाही हा त्याचा मोठा गुण, कारण हवेची भोकं वर असतात.

तुम्हाला आत्ता यातलं काहीही लागत नाही. पुढे लिक्विड मिसळायला लागलात तर एक साधा २२ मिमीचा एका कॉइलचा आरडीए घेऊन ठेवा, चाखण्यापुरता.

सुतीवात

कॉइलच्या आयुष्यावर.

गोड लिक्विडमध्ये बहुतेक वेळा सुक्रालोज असतं. ते वाफ होऊन उडत नाही, तारेवर साचून जळतं आणि काळी कवची तयार होते. कवचीखाली तार लिक्विडला नीट भेटत नाही, उष्णता अडकते आणि शेजारचा कापूस करपतो. वॅट कमी-जास्त करून हे थांबत नाही. लिक्विडमधलं गोड कमी करणं हाच खरा उपाय. खऱ्या तंबाखूच्या अर्काचं किंवा कॉफीचं गडद लिक्विडही तसंच वागतं. तुमचं ५०/५० गडद तपकिरी असेल तर झेनिथची कॉइलही लवकर बदलावी लागेल, ते धरून चाला.

तयार कॉइल धुऊन पुन्हा वापरण्याचे प्रयोग करू नका. पाण्यानं वरचा चिकटा जातो, जळलेला कापूस तसाच राहतो. इथे आरटीए जिंकतो. कापूस उपसून काढा, कॉइल कमी वॅटवर लाल करून कवची जाळा, किंचित निवू द्या, नळाखाली धरून मऊ ब्रशनं घासा, वाळवा, नवा कापूस घाला. एकच कँथल कॉइल अशी बरीच वेळा चालते, खर्च फक्त कापसाचा. मेश पट्टीला मात्र जपून. ती पातळ असते, एका बाजूला पकड सैल झाली तर तिथेच जळून भोक पडतं.

नवीन तयार कॉइल बसवताना बाजूच्या भोकांतल्या कापसावर एकेक थेंब आणि वरून दोन-तीन थेंब टाका. त्याहून जास्त नको, चिमणीत साचतं. टँक भरून दहा मिनिटं ठेवा. पहिले काही झुरके बटण न दाबता नुसते ओढा, म्हणजे लिक्विड आत खेचलं जातं. मग कॉइलवर लिहिलेल्या मर्यादेच्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून हळूहळू वर चढा. कोरड्या कापसावर एकदा बटण दाबलं गेलं की ती करपट चव पुढे कधीच जात नाही.

करपट झुरका "चालेल" म्हणून ओढत राहू नका, हे मी कळकळीनं सांगते. कापूस कोरडा पडून तापमान भलतंच वाढतं तेव्हा ग्लिसरीनचं विघटन होऊन ॲक्रोलीन आणि फॉर्माल्डिहाइड तयार होतात. करपट चव हा थांबण्याचा इशारा आहे.

प्लास्टिकच्या चेंबरबद्दल: पॉलीकार्बोनेट आणि ॲक्रिलिक दालचिनी, लिंबू-संत्र्याची लिक्विडं, बडीशेप आणि मेंथॉल यांनी धूसर होतं आणि तडकतं. अशा चवींना काच किंवा स्टील. तुमचं फळाचं लिक्विड लिंबूवर्गीय असेल तर काचच बसवा आणि जादा एक काच घरात ठेवा. काच बदलताना वरच्या-खालच्या ओ-रिंगवर बोटानं लिक्विडचा हात फिरवा, म्हणजे रिंग पीळ खाऊन कापली जात नाही.

शेवटचं आणि कडक: टँकमध्ये फक्त पीजी-व्हीजीवर बनवलेलं लिक्विड. सुगंधी तेलं, खाण्याचं तेल, व्हिटॅमिन ई यातलं काहीही नाही. तेल फुप्फुसातून निघत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसं निकामी होण्याची जी लाट आली, तिचा मुख्य धागा गांजाच्या अर्काच्या कार्ट्रिजमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटपर्यंत पोहोचला होता. निकोटिनच्या बाटल्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा, कुलपात. हातावर सांडलं तर लगेच साबणानं धुवा. आणि हा धागा वाचणाऱ्यांपैकी जे मुळात धूम्रपान करत नाहीत त्यांनी यातलं काहीही सुरू करू नये.

वाफकरी

सुतीवात यांच्या शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण दुजोरा. सहावेढे, तुमची कृती नीट आहे. एक जोडतो: ५०/५० ला आरटीएच्या शेपट्या ७०/३० पेक्षा जरा भरीव ठेवाव्यात. लिक्विड पातळ, तेव्हा थोपायला कापूस जास्त हवा. एकाच आरटीएमध्ये दोन्ही लिक्विडं आलटून-पालटून घातली तर एक तरी बिनसणारच.

निळीवाफ, भरण्याची पद्धत बदला, निम्मी गळती तिथेच थांबेल. वरून भरायच्या टँकला आधी हवेची रिंग पूर्ण बंद करा. लिक्विडची रिंग वेगळी असेल तर तीही. मग टोपी काढा, भरा, वर थोडी हवा राहू द्या. टोपी फिरवून बसवताना आतली हवा दाबली जाते आणि लिक्विड चेंबरमध्ये ढकललं जातं. म्हणून टोपी लावली की टँक उलटा करा आणि उलटा असतानाच हवेची रिंग उघडा. दाब हवेच्या भोकातून सुटतो, लिक्विड सुटत नाही. सरळ करा, माउथपीसवर टिश्यू धरून खालून एक हलकी फुंकर, चिमणीतलं साचलेलं निघून जाईल.

निळीवाफ

हे उलटं करून रिंग उघडायचं कुठंच वाचलं नव्हतं. आजच करून बघतो. विमानप्रवासात टँक भरलेला ठेवला तर?

सहावेढे

नका ठेवू. केबिनमधला दाब उतरतो, टँकमध्ये अडकलेली हवा फुगते आणि लिक्विड कापसातून बाहेर ढकलते. टँक जितका अर्धवट भरलेला, तितकी हवा जास्त आणि तितकी गळती जास्त. रिकामा करून, पुसून, मॉडवरून काढून झिपच्या पिशवीत ठेवा. मॉड आणि सेल दोन्ही हातातल्या सामानात, सामानकक्षात द्यायच्या बॅगेत कधीही नाही. सेल मॉडमधून काढून डबीत. उतरल्यावर नवीन लिक्विड भरताना कापूस आधीच ओला असतो, त्यामुळे पाच मिनिटं थांबावं लागत नाही. पण पहिला झुरका बटण न दाबताच घ्या.